डागाला नाव काय द्यायचं?



या वेळचं संपादकीय उशिरा लिहून झालं. त्याचं कारण एक वही आहे. वस्तीतल्या गटांसाठी आरोग्याची पुस्तिका करायचं आपण गेल्या वर्षी ठरवलं. पाळी, बाळंतपण, अंगात रक्त कमी असणं ही प्रकरणं लवकर झाली. त्यामागे इतक्या वर्षांच्या शिबिरांची तयारी होती. 'कातडीचे आजार' हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं. मला वाटलं, सगळ्यांत सोपं काम मिळालं. जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. चार महिने झाले, मी पहिल्याच पानावर अडून बसले आहे. औषधांवर नाही, नावांवर अडले.

एका डॉक्टर मैत्रिणीने इंग्रजी नावांची यादी करून दिली. ती घेऊन मी परिभाषेची पुस्तकं उघडली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झालं आणि पुढे शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश निघाले. हेतू चांगला होता, त्याची टिंगल मला करायची नाही. पण त्या वाटेने मला मिळाले ते अधित्वचा, त्वचाशोथ आणि कंडू. हे शब्द घेऊन मी एका बैठकीला गेले आणि विचारलं, "कंडू म्हणजे काय?" मागून एक बाई म्हणाल्या, "कुणाचं तर नाव आसंल." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मी 'खाज' म्हटलं आणि बायका सरसावून बसल्या. प्रत्येकीजवळ सांगायला काहीतरी होतं.

त्या दुपारी वहीची अडीच पानं भरली. घामोळं, पुटकुळी, केसतूड, काखमांजर, नखुरडं, गजकर्ण, नायटा, खरूज, इसब, शिबं, वांग, चामखीळ, कुरूप, चिखल्या, भेगा, नागीण, अंगावर पित्त उठणं. कुणी शब्द सांगायची, दुसरी म्हणायची, आमच्याकडे त्याला तसं म्हणत नाहीत. केसतूड आणि काखमांजर यांतला फरक एका आजींनी इतक्या नेमकेपणाने सांगितला की डॉक्टर मैत्रिणीने तो तसाच लिहून घेतला. आपल्याकडे शब्द नाहीत म्हणून मी कोश शोधत होते, आणि इथे शब्दांची कोठारं भरलेली होती.

पण सगळी कोठारं सुखाची नाहीत. 'शिबं' या शब्दावर येताच एक आई गप्प झाली. तिच्या मुलीच्या मानेवर आणि पाठीवर फिकट ठिपके आले होते. शिबं म्हणजे कातडीवर राहणाऱ्या एका बुरशीने येणारे फिके, थोडे कोंडा धरणारे ठिपके. घाम येणाऱ्या अंगावर ते जास्त दिसतात, साध्या मलमाने जातात. मूळ रंग भरून यायला मात्र काही आठवडे लागतात. तेवढ्या आठवड्यांत मुलगी बघायला आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी 'कोड' म्हणालं आणि जमत आलेलं लग्न मोडलं. पुढे रंग भरला, पण लागलेलं नाव गेलं नाही. आता तिला बघायला येणारे आधी पाठ दाखवा म्हणतात.

कोड. या एका शब्दापाशी मी थांबले ती आजपर्यंत.

माझ्या थोरल्या आत्याला कोड होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी ओठाच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके आले. सासूने निदान केलं: मासळीवर दूध प्यायली. मग तिचं ताट-वाटी वेगळं झालं, पिठाला हात लावणं बंद झालं. गावातल्या औषधांनी कातडी भाजली तेवढी. शेवटी तिला शहरात एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं असेल नीटच, पण कागदावर मराठीत लिहिलं 'श्वेतकुष्ठ'. त्या कागदाची घडी घालून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. आजोबांनी कागद वाचला, 'कुष्ठ' एवढाच शब्द त्यांना दिसला. माझ्या वडिलांनी पुढे खूप वर्षांनी सांगितलं की पहिले सहा महिने त्यांनीही बहिणीच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. आत्या शिवणकाम करून जगली. आमच्या सगळ्या भावंडांचे परकर-झबली तिने शिवले. तिला घटस्फोट कधी मिळाला नाही, पोटगी नाही. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि कुणी त्याला जाब विचारला नाही.

आता या दोन आजारांतलं अंतर बघा. कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते. जंतू नाही, संसर्ग नाही, दूध-मासळीचा संबंध नाही. डाग दुधासारखा पांढरा असतो, पण तिथे सुई टोचली तर दुखतं, गरम-गार कळतं. कुष्ठरोग जंतूने होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो जंतू १८७३ साली दाखवला. तो कातडीवर आणि मज्जातंतूंवर बसतो. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, पांढराशुभ्र कधीच नसतो, आणि बहुतेक वेळा तिथे स्पर्श कळत नाही. डोळे मिटून बसायला सांगा, कापसाचा धागा चट्ट्यावर टेकवा आणि 'कुठे लागलं' ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श दाखवता आला नाही तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठायचा. स्पर्श कळला तरी चट्टा तपासून घ्यायचाच. ही परीक्षा आपली कुठलीही कार्यकर्ती करू शकते.

मग नावं एकमेकांत गुंतली कशी? संस्कृतातला 'कुष्ठ' हा शब्द एका आजाराचा नव्हता. जुन्या वैद्यकग्रंथांत सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं सांगितली आहेत. आज आपण ज्याला इसब, नायटा म्हणतो तसलेही आजार त्यात बसतात. पांढऱ्या डागाला त्यांच्याकडे 'श्वित्र' हा शब्द होता. त्या 'कुष्ठ'पासून प्राकृतातून हिंदीत 'कोढ़' आला आणि मराठीत 'कोड'. हिंदीत कोढ़ म्हणजे कुष्ठरोग. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. एकाच आईच्या या दोन लेकी, सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या आजारांच्या घरी दिलेल्या. इचलकरंजीच्या मागांवर काम करणाऱ्या हिंदी भाषक कुटुंबातल्या बाईला आपण सहज 'तुम्हारे यहाँ कोड है क्या' असं विचारलं तर ती का भडकेल, हे आता कळेल. आणि 'श्वेतकुष्ठ' हा तर पंडिती शब्द. ऐकायला भारदस्त, कागदावर शोभणारा, आणि त्याने माझ्या आत्याचा संसार बुडवला.

पुण्याच्या 'श्वेता' या गटाने या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावरचा. अंगावर डाग असलेली डॉक्टर मुलगी आणि तिच्या होऊ घातलेल्या सासरचं सुशिक्षित घर. आपल्या गटांत तो दाखवावा असं मी दोन वर्षं म्हणते आहे. बायकांना त्यातलं घर ओळखीचं वाटेल.

कोल्हापुरात हा विषय शेंडा पार्कशिवाय बोलता येत नाही. आमच्या लहानपणी 'शेंडा पार्कला जाशील' ही शिवी होती. तिथे कुष्ठधाम होतं, म्हणजे माणसं होती, त्यांच्यात बायका होत्या, आणि शहर त्यांच्या जागेच्या नावाने आपल्या पोरांना भीती घालत होतं. कुष्ठरोगाला आजींच्या तोंडी 'रक्तपिती', 'महारोग' असे शब्द होते. महारोग म्हणजे मोठा रोग. मोठा कशाने, तर त्याच्या नुसत्या नावाने घर उठायचं. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला काढलेल्या संस्थेचं नाव 'महारोगी सेवा समिती' आहे. तो त्या काळाचा शब्द. पुढे 'कुष्ठरोग' हा शब्द रुळला, 'महारोगी'चा 'कुष्ठरुग्ण' झाला. ब्राझीलने तर १९९५ साली कायदाच करून सरकारी व्यवहारातून जुना शब्द काढला आणि हॅन्सन यांच्यावरून बेतलेला शब्द आणला. आपणही तसं करावं असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत. मला वाटतं, नाव बदलल्याने दार किलकिलं होतं, पूर्ण उघडत नाही. 'टाकलेली' ऐवजी आपण 'परित्यक्ता' म्हणू लागलो. १९८८ साली संगमनेरला परिषद झाली तेव्हा या बायका आपल्या नावाने उभ्या राहिल्या आणि हक्क मागू लागल्या, म्हणून त्या शब्दाला वजन आलं. मागणी नसती तर 'परित्यक्ता' हाही 'कंडू'सारखाच कोशात पडून राहिला असता.

शब्द कागदावर आला की काय होतं हे बघायचं तर कायदा बघा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण होतं, जोडीदाराला 'उग्र आणि असाध्य स्वरूपाचा' कुष्ठरोग असणं. सुरुवातीला निदान तीन वर्षं तो असला पाहिजे अशी अट होती, १९७६ च्या दुरुस्तीत तीही गेली. उग्र म्हणजे काय, असाध्य म्हणजे काय, हे ठरवायला वैद्यकाची पुस्तकं कोर्टात आली. १९७० च्या दशकात असा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवरा स्वतः डॉक्टर, आजारी बायको. तिच्या आजाराचा प्रकार वैद्यकाच्या भाषेत 'लेप्रोमॅटस' होता. तो प्रकार उग्र आणि असाध्य या शब्दांत बसतो असं कोर्टाने मानलं आणि नवऱ्याच्या बाजूने निकाल गेला. पुस्तकातल्या एका विशेषणाने तिचं पत्नीपण संपवलं.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा अधिक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली आणि 'असाध्य' हा शब्द खोटा ठरला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. आजार थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर वर्षभर गोळ्या. गोळ्या फुकट मिळतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाची भीती उरत नाही. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर केलं. आणि कायद्यात 'असाध्य' तसाच. १८९८ चा लेपर्स कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. विधी आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये आपल्या २५६ व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या तरतुदी काढायला सांगितल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारला कान धरून आठवण दिली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पाच वैयक्तिक कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण एकदम काढलं गेलं. औषध सापडल्यापासून अडतीस वर्षं.

यावर आपल्याच बैठकीत वाद झाला होता, तो इथे लिहायला हवा. काढलेल्या तरतुदींपैकी दोन बायकांच्या बाजूच्या होत्या. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याला कुष्ठरोग असेल तर बायकोला विवाह संपवून मागता येत होता. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात अशा नवऱ्यापासून वेगळं राहून पोटगी मागता येत होती. एक वकील मैत्रीण म्हणाली, बाईला बाहेर पडायच्या वाटा आधीच मोजक्या, त्यातली एक आपण आनंदाने बुजवतोय. तिचं म्हणणं मला आजही हलकं वाटत नाही. पण कोर्टापर्यंत जाणाऱ्या बायका किती? आमच्याकडे आलेल्या बायकांपैकी एकीलाही नवऱ्याच्या कुष्ठरोगामुळे कायद्याने सुटका मिळालेली नव्हती, आणि आपल्या चट्ट्यामुळे कायद्याशिवाय, पिशवीत दोन लुगडी घालून माहेरी धाडलेल्या मात्र होत्या. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून सुटायला त्याच्या अंगावर चट्टा असावा लागू नये. ती वाट आपण क्रूरतेच्या कलमातून रुंद करून मागू.

कायदा गेला, आजार गेलेला नाही. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात. नोंदीत बायका पुरुषांपेक्षा कमी दिसतात, आणि बाई तपासायलाच उशिरा येते हे त्यामागचं एक कारण आहे. मांडीवरचा, कमरेवरचा चट्टा ती कुणाला दाखवणार? त्यात क्लोफाझिमिनने कातडी काळपट-लालसर होते. औषध बंद केल्यावर रंग हळूहळू पूर्ववत होतो, पण हे आधी न सांगितल्याने गोळ्या अर्ध्यावर सोडलेली एक बाई मला माहीत आहे. शेजारणींनी विचारायला सुरुवात केली होती, 'काळी का पडलीस?' पुस्तिकेत हे वाक्य मी ठळक छापणार आहे: गोळ्यांनी रंग उतरतो, तो परत येतो, गोळ्या सोडू नका.

रंगाचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. गोरीपान, उजळ, गव्हाळ, निमगोरी, सावळी ही वधू-वर मंडळांची परिभाषा इतकी बारकाईची आहे की कातडीच्या डॉक्टरांनी हेवा करावा. बाळंतपणानंतर गालावर वांग आला की बाई औषधाच्या दुकानात जाते आणि स्टेरॉइड असलेली ट्यूब घेऊन येते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या आणि लव येते. सोडावी तर आग होते, म्हणून सोडवत नाही. २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली गेली. चिठ्ठी कोण मागतं ते तुम्ही आपापल्या गल्लीत बघा. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढला आणि 'ग्लो' घातला. इथेही नाव बदललं, म्हणजे बघा.

कातडीचं आणि केसांचं नाव देवाधर्माकडे गेलं की काय होतं हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. केसांत गुंता झाला, तो विंचरला नाही, तेल-घाण-घाम बसून त्याची गाठ झाली. तिला 'जट' म्हटलं की ती यल्लम्माची होते. मग ती कापायची नाही. गडहिंग्लज, निपाणीकडच्या किती मुली त्या एका शब्दामुळे सौंदत्तीच्या डोंगरावर सोडल्या गेल्या. यल्लम्माच्या कथेतही रेणुकेला नवऱ्याच्या शापाने अंगावर कुष्ठ येतं आणि तिला घराबाहेर पडावं लागतं. म्हणजे देवीचीही त्यातून सुटका नव्हती. जट सोडवणाऱ्या कार्यकर्त्या आधी कात्री काढत नाहीत, तासन् तास बसून बोलतात. 'जट' शब्द 'गुंता' होईपर्यंत बोलतात. कात्रीचं काम मग दहा मिनिटांचं.

आता हात. बैठकीत मी म्हटलं, हात पुढे करा. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची बोटं पांढरी पडलेली, पेरांना चिरा, नखांच्या कडा सुजलेल्या. "साबणानं हात खाल्लं," एकजण म्हणाली. याला इंग्रजी पुस्तकांत जुनं नाव आहे, त्याचा अर्थ 'गृहिणीचा त्वचारोग'. डॉक्टर मैत्रिणीने ते सांगितलं तेव्हा मला आधी बरं वाटलं, कुणीतरी आपली दखल घेतली म्हणून. मग लक्षात आलं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात रसायनं आणि रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचारोग हा व्यवसायजन्य रोग म्हणून घातला गेला. म्हणजे शिरोलीच्या कारखान्यात रंगाच्या पिंपात हात घालणाऱ्याचे हात फुटले तर तो धंद्याचा रोग, आणि चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचे हात फुटले तर तो गृहिणीचा. त्याला धंदा नाही, नोंद नाही, भरपाई नाही. ती ज्या घरी कामाला जाते त्या घरची गृहिणी तर साबणाला हातही लावत नाही! पुस्तिकेत आपण या आजाराला 'कामाने फुटलेले हात' म्हणणार आहोत. रबरी हातमोजे, आत सुती मोजा, काम झाल्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीन हे खाली येईलच. पण मोज्यांचे पैसे कुणी द्यायचे हेही तिथेच छापायचं, असं घरकामगार मैत्रिणींचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

टिकलीचंही असंच. कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरा डाग आलेल्या तीन बायका एका बैठकीत निघाल्या. काही टिकल्यांच्या चिकट द्रव्यात असं रसायन असतं की ते रंगपेशींना मारतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे बऱ्याच वर्षांपूर्वी नोंदवलं आहे. उपाय पहिला: टिकली बंद. ऐकायला सोपं. तिघींपैकी एक म्हणाली, "सासू हाय तवर कपाळ मोकळं ठेवता येत न्हाई." डाग झाकायला ती आणखी मोठी टिकली लावत होती.

परकराच्या नाडीचंही सांगून टाकते. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलेल्या नाडीने कमरेला काळा पट्टा पडतो, कातडी सोलते, कधी जखम होते. बहुतेकींना एवढंच. पण वर्षभर न भरणारी जखम अंगावर काढायची नाही, कारण अशा जागी क्वचित कर्करोग होतो. मुंबईत १९४५ साली डॉक्टरांनी तो पुरुषांच्या धोतराच्या जागी नोंदवला होता, आणि २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या जागी. नाडीची जागा बदला, रुंद पट्टा वापरा, रात्री सैल करा. 'नाडीचा काच' हा शब्द बायकांनीच दिला. त्यापेक्षा चांगला मला सापडणार नव्हता.

जिथे आपल्याकडे खरंच शब्द नाही अशी एकच जागा निघाली, आणि कुठली ते तुम्ही ओळखलं असेल. 'खालची खाज', 'तिथलं', 'जागेवरचं' यापुढे वही सरकत नाही. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग' लिहिलेलं असतं, पण ते पुरुषांसाठी. आणि तो शब्द बाईच्या बाबतीत वापरला की नवरा आधी तिच्या चारित्र्याकडे बघतो. पाळी गेल्यावर काही बायकांच्या मायांगाच्या बाहेरची कातडी पांढरी, पातळ होते, रात्ररात्र खाज सुटते, चिरा पडतात. त्याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. तो संसर्ग नाही, संबंधातून येत नाही, स्वच्छतेचाही दोष नाही. त्याला नेमून दिलेलं जोरदार स्टेरॉइड मलम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नीट लागू पडतं. वर ज्या औषधाने गाल जळतात असं लिहिलं तेच इथे कामी येतं, म्हणून तर नाव नेमकं कळलं पाहिजे. एक सत्तरीच्या आजी दहा वर्षं तो कोड समजून गप्प होत्या. कोड तिथेही येऊ शकतं, त्याला खाज सहसा नसते. एवढा फरक सांगणारं कुणी त्यांना भेटलं नव्हतं.

तर पुस्तिकेत इतकं ठरलं आहे. 'श्वेतकुष्ठ' कुठेही छापायचा नाही. कोडाला 'पांढरे डाग' लिहायचं, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ज्याला कोड म्हणतात' असं जोडायचं, नाहीतर शोधणाऱ्या बाईला पान सापडणार नाही. 'महारोग' फक्त इतिहास सांगताना. कुष्ठरोग हा शब्द ठेवायचा, पण प्रत्येक वेळी 'बरा होतो' हे शेजारी. खाजेला खाजच म्हणायचं. दवाखान्यातून मिळणाऱ्या कागदावर काय लिहिलं आहे ते डॉक्टरांकडून सोप्या मराठीत समजून घ्यायचा हक्क बाईला आहे, यावर एक स्वतंत्र पान असेल. ते मी आत्यासाठी लिहिते आहे. ती आता नाही.

लायकेन स्क्लेरोससच्या पुढची जागा वहीत अजून कोरी आहे. तुमच्या गावाकडे, तुमच्या आजीच्या तोंडी त्याला काही शब्द असेल तर पुढच्या अंकाआधी कळवा. पत्राने, फोनने, बैठकीला येणाऱ्या कुणाहाती चिठ्ठी देऊन, कसाही. 'घाण शब्द आहे, कसा लिहू' असं मनात आलं तरी लिहाच. आणि गाव, तालुका जरूर लिहा. कागलचा शब्द चंदगडला चालत नाही, हे या चार महिन्यांत मी चांगलंच शिकले आहे.